परदेशातून दिवे-झुंबरं आणणाऱ्या ग्राहकांसाठी

अमेरिकेतून मुलगा येताना टेबल लॅम्प आणतो, इस्तंबूलच्या ग्रँड बाजारातून रंगीत काचांचा दिवा येतो, दुबईहून झुंबराचं खोकं येतं. मग आमच्या काउंटरवर ठरलेला प्रश्न: "हे आपल्याकडे चालेल ना?" शक्यतो हे पत्रक खरेदीआधी वाचा. खरेदी झालीच असेल, तर निदान प्लग लावायच्या आधी.

आपल्या घरात येते ती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. युरोप, इंग्लंड आणि दुबईतही तेच, त्यामुळे तिथल्या मालाला बहुतेक वेळा नुसता प्लग बदलून भागतं. अडचण अमेरिका आणि जपानच्या मालाची. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट. १२० व्होल्टचा साधा बल्ब आपल्या विजेवर कितीतरी जास्त वॅट खेचतो, लख्ख पेटतो आणि लगेच उडतो. विमानतळावर मिळणारा अडॅप्टर इथे कामाचा नाही. तो पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेज आहे तेवढंच राहतं.

म्हणून आधी स्टिकर बघा. '१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं असेल तर निर्धास्त राहा. फक्त '१२० व्होल्ट' असेल आणि दिवा बल्ब बदलता येणारा असेल, तरी घाबरू नका: होल्डर, वायर, स्विच, प्लग सगळं इथलं घालता येतं. आमचा सल्लाच असा, की परदेशातून दिव्याचा सांगाडा आणि काच आणा, वीज लागणारं सगळं इथे बसवा. एलईडी आतच बसवलेला असेल तर ड्रायव्हर (एलईडीला लागेल तशी वीज पुरवणारा डबा) सुटा निघतो का ते बघावं लागतं. अमेरिकन सिलिंग फॅन मात्र आणूच नका. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, पण हर्ट्झ ५०च राहतात. साधी मोटर हळू फिरते आणि तापते.

आता वायरच्या रंगांबद्दल, कारण इथे घरचा वायरमनही फसू शकतो. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज (वीज आणणारी), काळी न्यूट्रल (परतीची), हिरवी अर्थिंग. अमेरिकन फिटिंगमध्ये काळी वायर म्हणजेच फेज, पांढरी न्यूट्रल, आणि अर्थिंग हिरवी किंवा उघड्या तांब्याची. सवयीने काळीला काळी जोडली, तर दिवा लागतो आणि कुणाला काही कळत नाही. पण चुडीच्या, म्हणजे बल्ब फिरवून बसवायच्या, होल्डरमध्ये फेज तळाच्या पत्तीला हवी, आट्यांना न्यूट्रल. उलटं झालं की आट्यांमध्ये करंट. शिवाय दिव्याचा स्वतःचा स्विच न्यूट्रल तोडतो, म्हणजे बंद केल्यावरही होल्डर जिवंत. बल्ब बदलताना बोट लागलं की झटका. अमेरिकन टू-पिनची एक पट्टी रुंद असते, ती याचसाठी: प्लग उलटा जाऊ नये म्हणून. आपला टू-पिन कसाही जातो, म्हणून आम्ही अशा दिव्याला थ्री-पिनच लावतो.

धातूचा दिवा असेल तर स्टिकरवर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण शोधा. ती असेल तर दुहेरी इन्सुलेशन आहे, अर्थिंग लागत नाही. खूणही नाही आणि अर्थिंगची वायरही नाही, असा दिवा आमच्याकडे आणा; बॉडीला अर्थिंग जोडून देऊ. तोवर लावू नका, विशेषतः पावसाळ्यात.

झुंबराचं वजन विचारूनच घ्या. पीओपीला टांगायचं नाही, स्लॅबमध्ये अँकर फास्टनर मारूनच. अमेरिकन फिटिंगची पट्टी तिथल्या छतातल्या गोल बॉक्सवर बसते. आपल्या छतात बहुधा पंख्याचा हुक नाहीतर नुसत्या लोंबत्या वायरी. वेगळी प्लेट करून घ्यावी लागते, त्याचा खर्च धरून चाला.

कुरिअरने मागवणार असाल तर कस्टम ड्युटी हिशेबात घ्या. 'भेटवस्तू' लिहून सुटायची सोय डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. राख्या आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. एलईडी बल्ब तिकडून आणण्यात तर काहीच हशील नाही. इथे बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीचे बल्ब गल्लोगल्ली मिळतात, वॉरंटीसकट.

दाखवायला येताना स्टिकरचा, होल्डरचा आणि छतातल्या जागेचा मोबाइलवर फोटो काढून आणा. आणि काचेचे लोलक विकत घेतानाच दोन-चार जादा मागून घ्या. ते आमच्याकडे मिळत नाहीत.