खोल गेले म्हणून पाणी लागत नाही

उन्हाळा लागला की मराठवाड्यात आणि नगर-सोलापूरच्या पट्ट्यात रात्री-अपरात्री बोअरच्या गाड्यांची घरघर ऐकू येते. ३०० फुटांवर नुसता फुफाटा उडत असला, तरी शेतकरी ‘अजून १०० फूट जाऊ द्या’ असे सांगतो. जमिनीच्या पोटात कुठेतरी नदी वाहते आहे आणि खोल गेले की ती लागणारच, ही समजूत त्यामागे असते. आपल्या कातळाची घडण पाहिली, तर ही समजूत टिकत नाही.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर येऊन पसरला आणि त्याचे थर एकावर एक साचत गेले. पाण्याचे सारे गणित एकेका थराच्या निवण्यात दडलेले आहे, आणि भूशास्त्रातली ही मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट आहे. तप्त लाव्हातले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढतात. पण वरची साय आधीच घट्ट होत असल्याने ते तिच्याखाली अडकतात. त्यामुळे थराचा वरचा भाग सच्छिद्र होतो, तर मधला भाग सावकाश निवून अभंग, कठीण बनतो. पुढे झिरपत्या पाण्यामुळे त्या छिद्रांत झिओलाइट, कॅल्साइट आणि गारगोटीचे दाणे भरतात. विहिरीतून काढलेला असा दगड हातात घेतला, तर त्याच्या करड्या-तांबूस अंगावर पांढरे ठिपके दिसतात. त्याला मांजऱ्या म्हणतात.

मांजऱ्यातली छिद्रे बहुधा भरलेली असतात आणि एकमेकांना जोडलेलीही नसतात, त्यामुळे पाणी त्या छिद्रांत राहत नाही. हा दगड लवकर झिजतो, त्याचा मुरूम होतो, त्याला आडवे सांधे पडतात. पाणी राहते ते या सांध्यांत आणि मुरमात. परंतु झीज वरून खाली होते. साधारण १५ ते २० मीटरच्या खाली तिचा प्रभाव ओसरतो, वरच्या भाराने सांधे आवळले जातात, आणि मग एखादी भेग लागली तरच पाणी मिळते. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी गेरूचा तांबडा, चिकण पट्टा असतो. तो वरचे पाणी सहजासहजी खाली जाऊ देत नाही.

आता हिशेब करू. अशा खडकातून उपसता येणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या २ टक्के धरले, तर एका एकराखालच्या १ मीटर जाडीच्या ओल्या खडकात सुमारे ८१ हजार लिटर पाणी निघते, म्हणजे १० हजार लिटरचे आठ टँकर. एका एकरातल्या उसाला वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाणी लागते असे मानले, तर ते भरते ८१ लाख लिटर. उलट ५५० मिलिमीटर पावसातला दहावा हिस्सा मुरला, तर त्या एकरात वर्षाला जेमतेम सव्वादोन लाख लिटरची भर पडते.

खोल बोअरने आणखी एक नुकसान होते. भोकातून तांबडी भुकटी येऊ लागली की गेरू फुटला असे समजावे. ज्या पट्ट्यावर वरचे पाणी तोलून धरलेले होते, त्यालाच भोक पडल्याने ते पाणी खालच्या थरात उतरू शकते आणि शेजाऱ्याची ४० फुटी विहीर आटू शकते.

नारळ तळहातावर उभा राहिला म्हणून जागा दाखवणाऱ्या पाणाड्याला यातले काहीच कळत नाही. मुरमाच्या थरात थोडेफार पाणी बहुतेक ठिकाणी असतेच, म्हणून त्याचे काही अंदाज खरे ठरतात. फसलेल्या बोअरचा खर्च मात्र एकट्या शेतकऱ्याच्या अंगावर पडतो आणि नारळाला कोणी जाब विचारत नाही.

महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेती व उद्योगांसाठी ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरी घेण्यास मनाई केली आहे. ही मर्यादा मला योग्य वाटते, कारण ती वरच्या थरातल्या सर्वांच्या पाण्याला जपते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तर शेतीसाठी बोअर घेणेच बंद केले. पावसाळा सरला की तिथे पडलेला पाऊस आणि उपलब्ध पाणी यांचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात, माणसांचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढतात, आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीची पिके ठरवतात.