नीअलचे वंशज आणि वाय गुणसूत्राची साक्ष

'नीअल' हे आयर्लंड-स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतलं जुनं नाव. 'ओ'नील' हे आडनाव त्यावरूनच आलं. नावाचा अर्थ मात्र भाषातज्ज्ञांमध्ये अजून वादाचाच आहे. कुणी त्याचं नातं जुन्या आयरिशमधल्या ढगाच्या शब्दाशी लावतं, तर कुणी वीराच्या. बाळांच्या नावांच्या याद्यांमध्ये 'नीअल म्हणजे विजेता' असं ठोकून दिलेलं असतं, त्यावर फारसं विसंबू नये.

आडनावाची घडण मात्र स्वच्छ आहे. 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज, 'मॅक' म्हणजे मुलगा. आयरिशमध्ये ओ'नीलांच्या लेकीचं आडनाव 'नी नेल' होतं आणि सुनेचं 'ई नेल'. म्हणजे आडनाव ऐकलं की बाई माहेरची की सासरची तेही कळतं.

परंपरेप्रमाणे या वंशाचा मूळपुरुष 'नऊ ओलिसांचा नीअल', पाचव्या शतकाच्या आसपासचा. मांडलिक राजे इमानाची हमी म्हणून आपली माणसं ओलीस ठेवत, त्यावरून हे बिरुद. त्याचे म्हणवले जाणारे वंशज आयर्लंडच्या उत्तर आणि मध्य भागावर काही शतकं वरचढ राहिले. गंमत अशी, की ओ'नील हे आडनाव त्याच्यावरून पडलेलं नाही. ते त्याच वंशातल्या 'काळ्या गुडघ्याच्या' नीअलवरून आलं. हा 919 मध्ये डब्लिनजवळ व्हायकिंगांशी, म्हणजे उत्तर युरोपातून आलेल्या दर्यावर्दी लढवय्यांशी लढताना मारला गेला.

2006 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी आयरिश पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासलं. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. पिढ्यांमागून पिढ्या त्यात किरकोळ बदल साचतात आणि त्या बदलांवरून शाखा ओळखता येतात. वायव्य आयर्लंडमध्ये पाचांतल्या साधारण एका पुरुषात एकच ठरावीक नमुना सापडला. नीअलच्या घराण्याशी जोडल्या जाणाऱ्या आडनावांमध्ये तर त्याचं प्रमाण आणखी जास्त होतं. एका पुरुषाचा वंश इतका कसा फोफावला? संशोधकांनी सत्तेकडे बोट दाखवलं. गेलिक सरदारांना अनेक बायका असत आणि औरस-अनौरस हा भेद तिथे फारसा आड येत नसे. 1423 मध्ये वारलेल्या टर्लो ओ'डॉनेल या सरदाराला 18 मुलगे आणि 59 नातू होते!

वर्तमानपत्रांनी लगेच 'नीअलचा जनुक' म्हणून डंका पिटला. पण पुढे हा नमुना ज्या बदलावरून ओळखला जातो त्या 'एम 222' या खुणेचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा ही शाखा नीअलच्या मानलेल्या काळाहून जुनी असल्याचं दिसलं. ती स्कॉटलंडच्या सखल भागातही आढळते. तेव्हा ही खूण अंगात असली म्हणून कुणी नीअलचा वंशज ठरत नाही. नीअलच्या अंगी ती असेलही, पण तिचा पहिला धनी तो नव्हे. मुळात मध्ययुगातल्या वंशावळी हे राजकीय दावे होते. बलाढ्य घराण्याशी नातं जोडून घेण्यात फायदा असे.

नावाचा प्रवास इथेच थांबला नाही. व्हायकिंगांनी ते उचलून 'न्याल' केलं, उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मनांबरोबर ते इंग्लंडात गेलं. तिथल्या लेखनिकांनी लॅटिनमध्ये 'निगेलस' लिहिताना 'काळा' या अर्थाच्या शब्दाशी त्याचं लग्न लावून दिलं, आणि त्यातून 'नायजेल' आलं. परदेशातली मराठी जोडपी मुलाचं नाव 'नील' ठेवतात ते दोन्हीकडे खपतं म्हणून. आपला संस्कृत नील आणि हा गेलिक नीअल यांचं नातं काहीही नाही.