बॅटल जॅकेट

बॅटल जॅकेट : रॉक संगीताच्या, त्यातही हेवी मेटलच्या निष्ठावान चाहत्याने स्वतःच्या हाताने सजवलेले, बहुधा बाह्या कापून टाकलेले डेनिमचे जॅकेट. आवडत्या बँडांची नावे, बोधचिन्हे आणि अल्बमच्या मुखपृष्ठांवरील चित्रे असलेले कापडी पॅच त्यावर शिवलेले असतात. त्यांच्या जोडीला पत्र्याचे बिल्ले, धातूचे स्टड, साखळ्या व हाताने रंगवलेली अक्षरेही आढळतात. पॅच स्वतंत्रपणे विकत मिळतात आणि जॅकेट तर बाजारचेच असते. तरीही निवड, मांडणी आणि शिवण ही तिन्ही कामे वापरणाऱ्याने स्वतः केलेली असावीत, अशी अपेक्षा असते. सगळे पॅच आधीच लावलेले तयार जॅकेटही बाजारात मिळते, परंतु जाणकार चाहते त्याला बॅटल जॅकेट म्हणत नाहीत.

नावे : ब्रिटनमध्ये ‘कट-ऑफ’ व ‘पॅच जॅकेट’, अमेरिकेत ‘बॅटल व्हेस्ट’ आणि जर्मन भाषिक प्रदेशात ‘कुटे’ अशी नावे रूढ आहेत. ‘बॅटल जॅकेट’ हे नाव वस्तूपेक्षा बरेच अलीकडचे दिसते. ‘कुटे’ हा शब्द इंग्रजीतील ‘कट-ऑफ’चा अपभ्रंश असल्याचे काही चाहते सांगतात. मात्र मध्ययुगीन जर्मनमध्ये भिक्षूच्या झग्यासाठी हाच शब्द वापरात होता आणि त्याचे मूळ मध्ययुगीन लॅटिनमधील ‘कोट्टा’ या शब्दात दाखवले जाते. त्यामुळे जुना शब्द नव्या कपड्याला चिकटला आणि उच्चारसाम्याने इंग्रजी शब्दाशी त्याचे नाते नंतर जुळवले गेले, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते.

उगम : या जॅकेटच्या उगमाबद्दल एकमत नाही. सर्वांत लोकप्रिय मत दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन वैमानिकांकडे बोट दाखवते. अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने १९३१ मध्ये स्वीकारलेल्या ‘ए-२’ या चामडी जॅकेटच्या छातीवर तुकडीचे चिन्ह शिवले जाई. युद्धकाळात पाठीवर विमानाचे नाव, एखादे चित्र आणि पार पाडलेल्या प्रत्येक मोहिमेसाठी एक याप्रमाणे छोट्या बॉम्बच्या आकृत्या रंगवण्याची प्रथा पडली. युरोपात लढणाऱ्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांच्या कर्मचाऱ्यांना प्रारंभी २५ मोहिमांनंतर परत पाठवले जाई. त्यामुळे पाठीवरील त्या ओळी म्हणजे अक्षरशः आयुष्याचा हिशेब होता. पाहिलेल्या प्रत्येक मैफलीगणिक एक पॅच वाढवत जाणाऱ्या चाहत्याशी या वैमानिकाची तुलना करण्याचा मोह होतो, आणि लोकप्रिय लेखनात ती वारंवार केलेली आढळते.

ही तुलना आकर्षक असली, तरी तिच्यावर फार भार टाकता येत नाही. ए-२ हे चामड्याचे, बाह्या असलेले आणि रंगवलेले जॅकेट होते; रॉक चाहत्याचे जॅकेट डेनिमचे, बिनबाह्यांचे आणि शिवलेले आहे. शिवाय महायुद्धाची अखेर आणि पॅच लावलेल्या रॉक जॅकेटांचा प्रसार यांत सुमारे पाव शतकाचे अंतर आहे. हे अंतर भरून काढणारा दुवा मोटारसायकल क्लबांच्या पेहरावात सापडतो.

महायुद्धापूर्वीच अमेरिकेतील मोटारसायकल क्लबांचे सदस्य पाठीवर क्लबचे नाव साखळीटाक्याने भरलेले स्वेटर घालत. युद्धानंतर परतलेल्या सैनिकांपैकी काही जण अशा क्लबांत आले. जुलै १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर येथे झालेल्या मेळाव्यातील गोंधळामुळे दुचाकीस्वारांची बंडखोर प्रतिमा देशभर पोहोचली, आणि १९४८ मध्ये ‘हेल्स एंजल्स’ हा क्लब स्थापन झाला. हॉलिस्टरनंतर अमेरिकन मोटरसायकल असोसिएशनने ‘९९ टक्के दुचाकीस्वार कायदा पाळणारे आहेत’ असे निवेदन काढले आणि त्यावरूनच ‘एक टक्का’ हा पॅच आला, असे सर्वत्र सांगितले जाते. त्या निवेदनाची अस्सल प्रत मात्र पुढे आलेली नाही. असो, येथे महत्त्व आहे ते क्लबांनी घडवलेल्या मांडणीला. पाठीच्या मध्यभागी क्लबचे मोठे चिन्ह, त्याच्या वर नावाची कमान, खाली प्रदेशाची कमान आणि छातीवर लहान पॅच असा हा त्रिखंडी क्रम आहे. डेनिमच्या बाह्या कापण्यामागचे कारणही येथेच उलगडते. पडल्यास अंग सोलू नये म्हणून चामडी जॅकेट आवश्यक होते, आणि क्लबची चिन्हे असलेले डेनिम त्यावर चढवायचे, तर त्याच्या बाह्या अडचणीच्या ठरत. मोटारसायकल नसलेल्या चाहत्यांनीही चामड्यावर बिनबाह्यांचे डेनिम चढवण्याची ही रीत जशीच्या तशी उचलली. उन्हाळी महोत्सवात चामड्यावर डेनिम चढवून घामाघूम होणारा चाहता हा त्याचाच वारसदार होय.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ दीना वाइनस्टाइन यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेवी मेटलचा पेहराव हा १९६० च्या दशकातील युवक संस्कृती आणि मोटारसायकल टोळ्यांची संस्कृती यांच्या मिश्रणातून घडल्याचे मांडले आहे, आणि वरील तपशील त्याला पूरक आहेत. हा संपर्क मोठ्या मैफलींतही दिसतो. ५ जुलै १९६९ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये झालेल्या रोलिंग स्टोन्सच्या मैफलीत हेल्स एंजल्स या अमेरिकन क्लबाचे अनुकरण करणारे ब्रिटिश तरुण घरी सजवलेल्या जॅकेटांत वावरताना दिसतात. त्याच वर्षी ६ डिसेंबरला कॅलिफोर्नियातील ऑल्टामाँट येथे खुद्द हेल्स एंजल्स मंचाभोवती होते. ब्रिटनची स्वतःची परंपराही दुर्लक्षण्याजोगी नाही. १९५० व १९६० च्या दशकांतील ‘रॉकर’ तरुण चामडी जॅकेटवर स्टड ठोकत आणि बिल्ले लावत. लंडनमध्ये १९५९ साली चर्चच्या युवक मंडळाच्या रूपाने सुरू झालेल्या ‘५९ क्लब’चा बिल्ला त्यांच्यात विशेष मानाचा होता.

प्रसार : आज परिचित असलेले रूप १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये स्थिरावले असावे. ‘न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल’ (ब्रिटिश हेवी मेटलची नवी लाट) ही संज्ञा मे १९७९ मध्ये ‘साउंड्स’ या संगीतविषयक साप्ताहिकात प्रथम छापली गेली. १६ ऑगस्ट १९८० रोजी कॅसल डॉनिंग्टन येथे पहिला ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’ महोत्सव भरला, आणि १९८१ मध्ये सॅक्सन या बँडने आपल्या अल्बमचे नावच ‘डेनिम अँड लेदर’ असे ठेवले. याच सुमारास मंचावर जूडस प्रीस्ट या बँडचा गायक रॉब हॅलफर्ड याने काळे चामडे आणि स्टड रूढ केले. चाहत्यांनी त्यातले स्टड घेतले. डेनिम मात्र सोडले नाही. याचे कारण काही अंशी आर्थिक होते, पण बरेचसे तांत्रिक होते. चामड्यात सुई सहज जात नाही आणि एकदा पडलेले छिद्र बुजत नाही. डेनिमवरचा पॅच हवा तेव्हा उसवून दुसरीकडे लावता येतो.

पंक या बंडखोर रॉक शैलीच्या चाहत्यांची जॅकेटे हा समांतर प्रवाह होय. तेथे विकतच्या पॅचपेक्षा स्टेन्सिलने छापलेले कापडाचे तुकडे, सेफ्टी पिना आणि काळ्या कापडावर नारिंगी-तपकिरी डाग उमटवणारे ब्लीच यांना प्राधान्य असते. चाहत्याच्या कपड्याचा उलटा वापरही पंकमध्येच प्रसिद्धीला आला. जॉन लायडन या तरुणाने पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या टी-शर्टवर ‘मी द्वेष करतो’ अशा अर्थाचे शब्द स्वतः लिहिले होते, आणि सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या व्यवस्थापकांचे लक्ष त्याच्याकडे जाण्यात या शर्टाचा वाटा होता, असे सांगतात.

रचना व शिवण : बहुसंख्य बॅटल जॅकेटे १९६० च्या दशकाच्या आरंभी रूढ झालेल्या, पुढे दोन झाकणांचे खिसे आणि त्यांखाली कमरेकडे निमुळत्या होत जाणाऱ्या शिवणी असलेल्या घाटावर बेतलेली असतात. या शिवणींमुळे कापडाचे आपोआप कप्पे पडतात आणि मांडणीचा आराखडा तयार मिळतो. पाठीवर खांदेपट्टीखाली दोन उभ्या शिवणींमध्ये मोठा चौकोन उरतो. तेथे ‘बॅक पॅच’ बसतो. हा पॅच साधारणतः ३० सें.मी. किंवा अधिक रुंदीचा व पुष्कळदा खाली निमुळता असतो, आणि त्यावर कोणता बँड आहे, यावरून जॅकेटची ओळख ठरते. आयर्न मेडन या बँडचे ‘एडी’ हे बोधपात्र किंवा मोटरहेड या बँडचे सुळे असलेले मुंडके ही येथे सर्वाधिक दिसणारी चिन्हे होत. पहिले डेरेक रिग्ज याने, तर दुसरे जो पेटॅग्नो याने चितारले.

बाही कोठे कापायची हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्न जॅकेटचे आयुष्य ठरवतो. खांद्याची दुहेरी शिवण जॅकेटच्या अंगाला राखून तिच्या बाहेरून कात्री चालवली, तर उसवण शिवणीपाशी थांबते आणि कडेला बोटभर पांढरट झालर तेवढी उरते. शिवणीच्या आतून कापल्यास धागे सुटत जाऊन काही महिन्यांत झालर खांद्याच्या पॅचपर्यंत पोहोचते. डेनिमच्या तिरकस विणीत ताणा निळीने रंगवलेला आणि बाणा पांढरा असल्याने ही झालर दुरंगी दिसते. ती दिसावी म्हणून मुद्दाम आतून कापणारेही आहेत.

पॅच मुख्यतः तीन प्रकारचे असतात. भरतकामाचा पॅच जाड व टिकाऊ असतो आणि त्याच्या कडेला दाट ओव्हरलॉकची गोट असते. परंतु बारीक रेषा त्यात नीट उमटत नाहीत. विणलेल्या पॅचमध्ये चित्र मागावरच उतरवलेले असल्याने ते पातळ आणि तपशीलवार असते. छापील पॅच सर्वांत स्वस्त, पण उन्हाने व पाण्याने लवकर फिकटतो. इस्त्रीने चिकटवायचे पॅचही मिळतात, मात्र केवळ डिंकावर विसंबलेला पॅच फार काळ टिकत नाही. अनुभवी मंडळी त्यालाही टाके घालतात.

शिवताना पॅच आधी टाचण्यांनी किंवा कच्च्या धावदोऱ्याने जागी धरतात. पक्क्या शिवणीसाठी नुसता धावदोरा पुरत नाही, कारण एक टाका तुटला की बाकीचे सैल पडतात. म्हणून उलटी टीप किंवा तुरपाई पसंत केली जाते. भरतकामाच्या पॅचवर सुई गोटीच्या अगदी आतल्या अंगाने वर काढून गोटीवरून तिरपी खाली नेल्यास त्याच रंगाचा धागा दिसेनासा होतो. कॉटनच्या दोऱ्याऐवजी दात साफ करायचा मेणलेला फ्लॉस वापरण्याची पद्धत पंक व मेटल या दोन्ही वर्तुळांत आहे; तो नायलॉनचा असल्याने कुजत नाही, आणि त्याचे पांढरे ओबडधोबड टाके दिसणे हे हातच्या कामाचे प्रमाणपत्र समजले जाते. शिलाई यंत्र फार थोडे वापरले जाते. शिवणींच्या चार-सहा पदरांवर सुई मोडते, शिवाय खिशावरचा पॅच यंत्राखाली घेतला की खिसा कायमचा बंद होतो. हातानेही ही चूक होतेच. खिशात पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून मग सुई चालवायची, ही युक्ती बहुतेकांना एक खिसा गमावल्यानंतरच सुचते.

जॅकेटचे अस्तर नसलेले आतले अंग पाहिल्यास बाहेर न दिसणारी हकिकत वाचता येते. वेगवेगळ्या रंगांचे धागे, प्रारंभीच्या मोठ्या गाठी, नंतरचे सफाईदार टाके आणि उसवून हलवलेल्या पॅचच्या जुन्या छिद्रांच्या रांगा तेथे शिल्लक असतात. समोरून एकसंध वाटणारे काम किती वर्षे आणि किती कौशल्याने वाढत गेले, हे या बाजूवरूनच कळते.

संकेत : लिखित नियम नसले, तरी काही संकेत सर्वत्र आढळतात. न ऐकलेल्या बँडचा पॅच लावू नये, हा त्यांतील पहिला. जॅकेट धुवावे की नाही, यावर थट्टेचा आणि क्वचित गंभीर वाद चालतो. न धुण्याचा पक्ष बोलका आहे, आणि धुणारे गार पाण्यात, हाताने व बहुधा गुपचूप धुतात. कमानींचा त्रिखंडी क्रम मात्र टाळला जातो, कारण मोटारसायकल क्लब तो स्वतःचा हक्क मानतात. चिन्हांना कायद्याचीही मर्यादा पडते. जर्मनीच्या दंडसंहितेतील कलम ८६अ नुसार नाझी संघटनांची चिन्हे जाहीरपणे वापरणे गुन्हा आहे. फुली मारलेले स्वस्तिक विकणाऱ्या पंक साहित्याच्या एका विक्रेत्यावर याच कलमाखाली खटला झाला होता. नाझीवादाचा विरोध उघडपणे दर्शवणारी चिन्हे या कलमात येत नाहीत, असा निर्णय तेथील सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने २००७ मध्ये दिला.

संलग्न स्मृतिवस्तू : जॅकेटाबरोबर तिकिटांचे अर्धुके, महोत्सवाचे मनगटपट्टे व मंचावरून फेकलेली प्लेक्ट्रम (गिटार छेडण्याच्या चकत्या) जपली जातात, पट्टे कित्येकदा जॅकेटलाच शिवतात. लंडनच्या किंग्जबरी भागातील ‘साउंडहाउस’ या रॉक डिस्कोत १९७० च्या दशकाच्या अखेरीस चाहते पुठ्ठ्याच्या वा हार्डबोर्डच्या, घरी कापलेल्या गिटारी घेऊन नाचत. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या चाहत्यांची टाय-डाय केलेली (बांधून रंगवलेली) वस्त्रे प्रसिद्ध आहेतच. त्यांनी टपालाने तिकिटे मागवताना चित्रे काढून रंगवलेले लिफाफे त्याहून दुर्मीळ होत. अशा लिफाफ्यांचा मोठा संग्रह बँडच्या इतर कागदपत्रांसह सँता क्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आहे.

अभ्यास : ब्रिटिश चित्रकार टॉम कार्डवेल याने खऱ्या जॅकेटांची तपशीलवार चित्रे रंगवत त्यांवर पीएच.डी.चे संशोधन केले आणि २०२२ मध्ये त्यावर आधारित ग्रंथ प्रसिद्ध केला. जॅकेटांचा काळ ठरवणे हे अभ्यासकापुढील अवघड काम आहे. पॅचवर अल्बमचे वर्ष छापलेले असले, तरी त्यावरून केवळ ‘याआधीचे नाही’ इतकेच सिद्ध होते, कारण जुन्या चित्रांचे पॅच पुन्हा पुन्हा छापले जातात आणि नवा पॅच जुन्यावरच शिवण्याची पद्धत आहे. अशा वेळी वरचा पॅच न उसवता आतल्या अंगाच्या टाक्यांवरूनच खालच्या थराचा अंदाज बांधावा लागतो.