राष्ट्रीय विमा वर्गणी (ब्रिटन) आणि नोंदीतील खंड

ब्रिटनमध्ये पगारातून व धंद्याच्या नफ्यातून घेतल्या जाणाऱ्या सामाजिक विम्याच्या वर्गणीला ‘नॅशनल इन्शुरन्स’ किंवा नुसते ‘एनआय’ म्हणतात. स्टेट पेन्शन, म्हणजे सरकारकडून म्हातारपणी मिळणारे निवृत्तिवेतन, या वर्गणीच्या नोंदीवर ठरते. योजनेचा पाया १९११ च्या कायद्याने घातला गेला. तेव्हा लॉइड जॉर्ज अर्थमंत्री होते. सामाजिक विम्याची फेररचना सुचवणाऱ्या बेव्हरिज अहवालानंतर, ५ जुलै १९४८ पासून, तिला आजचे व्यापक रूप आले. वर्गणी भरल्याची खूण म्हणून नोकरदारांच्या कार्डावर तिकिटे (स्टॅम्प) चिकटवण्याची पद्धत १९७५ मध्ये संपली, तरी जुनी माणसे अजूनही ‘स्टॅम्प भरला’ असेच म्हणतात.

नव्या स्टेट पेन्शनसाठी एकूण किती पौंड भरले याला महत्त्व नाही. किती वर्षे ‘पात्र’ ठरली, हे मोजले जाते. ही पेन्शन ६ एप्रिल २०१६ पासून लागू आहे. ज्यांची सगळी नोंद त्यानंतरची आहे, त्यांना पूर्ण रकमेसाठी ३५ पात्र वर्षे लागतात. १० पेक्षा कमी असतील तर काहीच मिळत नाही. वर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन ५ एप्रिलला संपते.

पात्र वर्षासाठी पगारातून वर्गणी कापली गेलीच पाहिजे असेही नाही. २०२५-२६ मध्ये एका नोकरीत वर्षाला ६,५०० ते १२,५७० पौंड मिळवणाऱ्याकडून काही कापले जात नव्हते, पण त्याचे वर्ष धरले जात होते. मात्र खालची मर्यादा (तेव्हा आठवड्याला १२५ पौंड) प्रत्येक नोकरीला वेगळी लावतात. सकाळी एका ठिकाणी साफसफाई आणि संध्याकाळी दुसरीकडे स्वयंपाक करून आठवड्याला ११०-११० पौंड मिळवणाऱ्या बाईची कमाई २२० पौंड होते, तरी तिचे वर्ष कोरे राहू शकते. राबूनही नोंद न होणे हा या व्यवस्थेतला मोठा अन्याय आहे.

सरकारी संकेतस्थळावर आपली नोंद उघडली की वर्षांची उतरंड दिसते. काही ओळींवर ‘पूर्ण वर्ष’, तर काहींवर ‘हे वर्ष पूर्ण नाही’ असा शेरा असतो. हा दुसरा शेरा म्हणजे खंड. परदेशातला मुक्काम, बेकारी, अल्प कमाई, घरच्यांची शुश्रूषा अशी त्याची कारणे असतात.

बाळंतपण आणि मुलांचे संगोपन यांचा फटका सर्वाधिक बायकांना बसतो. १२ वर्षांखालील मुलासाठी चाइल्ड बेनिफिटचा, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा, अर्ज केल्यास अर्जदाराला वर्षाचे ‘क्रेडिट’ मिळते, म्हणजे पैसे न भरताही वर्ष नोंदीत धरले जाते. अर्ज कमावत्या नवऱ्याच्या नावे असेल, तर घरी असलेल्या आईच्या नोंदीत ते आपोआप येत नाही. २०१३ पासून जास्त उत्पन्न असलेल्यांवर या भत्त्यापोटी कर बसू लागला आणि अनेकांनी अर्ज करणेच सोडले. वास्तविक पैसे नाकारूनही अर्ज करता येतो आणि क्रेडिट टिकते. १९७८ ते २०१० दरम्यानच्या अशाच संरक्षणाची नोंद अनेक आयांच्या खात्यात सुटलेली आढळली आहे. मे २००० पूर्वीच्या अर्जावर विमा क्रमांक नसणे हे त्याचे एक कारण.

क्रेडिट मिळण्यासारखे नसेल, तर सहसा मागील ६ वर्षांपर्यंतचे खंड स्वेच्छेने पैसे भरून बुजवता येतात. २००६ पर्यंत मागे जाण्याची खास सवलत ५ एप्रिल २०२५ रोजी संपली. स्वेच्छा वर्गणीचा नेहमीचा प्रकार म्हणजे ‘तिसरा वर्ग’; २०२५-२६ मध्ये त्याचा दर आठवड्याला १७.७५ पौंड, म्हणजे वर्षाला ९२३ पौंड होता. त्या वर्षी पूर्ण पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड असताना भरून काढलेल्या एका वर्षाने वार्षिक सुमारे ३४२ पौंडांची भर पडू शकत होती. पण २०१६ पूर्वीची नोंद असलेल्यांचे, विशेषतः कंपनीच्या पेन्शनमुळे ‘काँट्रॅक्टेड आउट’ राहिलेल्यांचे, म्हणजे सरकारी जादा पेन्शनमधून बाहेर पडून कमी वर्गणी भरलेल्यांचे, गणित वेगळे असते. काही जुनी वर्षे विकत घेऊनही पेन्शन एका पेनीनेही वाढत नाही. म्हणून आधी पेन्शनचा अंदाज पाहावा, मगच पैसे भरावेत.

मराठी कुटुंबांना आणखी काही अडचणी येतात. सरकारी निधीची मनाई असलेल्या व्हिसावर चाइल्ड बेनिफिट मिळत नाही, त्यामुळे त्या वाटेचे क्रेडिटही सहसा नाही. सहा-सात वर्षे लंडनमध्ये नोकरी करून पुण्याला परतणाऱ्याला भरलेली वर्गणी परत मिळत नाही आणि १० वर्षांच्या अटीसाठी भारतातली नोकरी त्यात मिळवता येत नाही. एप्रिल २०२६ पासून परदेशातून स्वेच्छेने वर्गणी भरण्याचे नियम कडक करण्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ च्या ब्रिटिश अर्थसंकल्पात झाली: स्वेच्छा वर्गणीचा स्वस्त प्रकार, ‘दुसरा वर्ग’, परदेशातून भरणाऱ्यांसाठी बंद आणि आधीच्या १० वर्षांच्या वास्तव्याची किंवा वर्गणीची अट. पेन्शन सुरू झाल्यावर भारतात राहणाऱ्याला ती मिळते, पण ब्रिटनमधली वार्षिक वाढ तिला लागत नाही.