केंद्रप्रमुख

केंद्रप्रमुख : महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या प्राथमिक शिक्षणव्यवस्थेतील पर्यवेक्षकीय पद. एकमेकींच्या जवळच्या साधारण दहा-पंधरा शाळांचे मिळून एक केंद्र होते. त्यांतील एक शाळा केंद्रशाळा ठरते आणि या सर्व शाळांची देखरेख केंद्रप्रमुखाकडे असते. वर्गातून उठलेल्या शिक्षकासाठी प्रशासनाची ही पहिली पायरी.

या पदामागची कल्पना राज्यात जन्मलेली नाही. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (1964–66) ‘शाळासमूहा’ची शिफारस केली होती : एक माध्यमिक शाळा आणि तिच्या पंचक्रोशीतील प्राथमिक शाळा यांनी साधने, ग्रंथ आणि अनुभवी शिक्षक वाटून घ्यावेत. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता, त्यामुळे खेड्यातली एकशिक्षकी शाळा त्यांना फायलीत पाहावी लागली नाही. शिफारस मात्र बराच काळ कागदावर राहिली. महाराष्ट्रात 14 नोव्हेंबर 1994 च्या शासन निर्णयाने 4,860 केंद्रे ठरली आणि हे पद निर्माण झाले.

केंद्रप्रमुखाने शाळाभेटी द्याव्यात, नमुना पाठ घ्यावा, मुलांचे वाचन स्वतः ऐकावे, दरमहा शिक्षण परिषद भरवून शिक्षकांना एकमेकांचे प्रयोग दाखवावेत, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात दिवसाचा बराच भाग टपालात जातो. यू-डायस या शाळांच्या देशव्यापी माहितीप्रणालीसाठीची माहिती, शालेय पोषण आहाराचे तक्ते, पटसंख्या, शिष्यवृत्तीचे प्रस्ताव, ‘आजच्या आज सादर करावे’ असा शेरा मारलेली पत्रे. पूर्वी हे टपाल पिशवीतून येई, आता व्हॉट्सॲपच्या गटावर येते. घाई तेवढी वाढली. या पदाची खरी कोंडी अधिकारांची आहे. शिक्षकाला रजा मंजूर करणे किंवा त्याच्यावर कारवाई करणे यात केंद्रप्रमुखाचा हात तोकडा, पण निकालाचा जाब त्यालाच. म्हणून चांगला केंद्रप्रमुख चालतो तो शब्दावर. तो वर्गात शिरून खडू हातात घेतो तेव्हा गुरुजी ऐकतात, नुसते शेरेबुक उघडले की सावध होतात.

पद पदोन्नतीने तसेच विभागीय परीक्षेने भरले जाते. वर विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, उपसंचालक, संचालक अशी उतरंड आहे. मात्र गटशिक्षणाधिकारी पदापासून लोकसेवा आयोगाची वाट सुरू होते आणि तिथे वर्गातल्या वर्षांपेक्षा परीक्षेतले गुण बोलतात. प्राथमिक शिक्षकाचा प्रवास बहुधा तालुक्याच्या आतच संपतो.

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 ने शाळासमूहाची कल्पना कोठारी आयोगाचा हवाला देऊन पुन्हा मांडली. त्या समूहाचा कारभार ज्याने पाहायचा, त्या केंद्रप्रमुखांची अनेक पदे भरतीअभावी रिक्त राहत आली आहेत. अशा ठिकाणी एखाद्या शिक्षकाकडे ‘प्रभार’ दिला जातो. तो आपला वर्ग सांभाळून केंद्रही पाहतो, आणि शाळाभेटीला निघताना आपली मुले शेजारच्या वर्गावर सोपवतो.