अंगाने भरलेला पोरगा आणि डब्यातला खडखडाट

जुलै महिना, मालवणकडची एक खाडीकाठची वाडी. बोटी वर ओढून झापांनी शाकारलेल्या, लाईट सकाळपासून गेलेली, आणि मी वाडीतल्या एकुलत्या एक दुकानात मेणबत्त्या घ्यायला उभा. दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा आला, चांगला गुबगुबीत, शर्टाची खालची दोन बटणं लागत नव्हती. त्याने नाणं ठेवलं आणि दारात टांगलेल्या माळेतलं एक पाच रुपयेवालं पाकीट ओढलं. मागून त्याची आजी. तिने दुकानदाराला उधारीची वही काढायला लावली: दोन किलो तांदूळ, पाव किलो तेल, चहापावडरची पुडी, बास. डाळ विचारली, भाव ऐकला आणि राहू दे म्हणाली. नातवाकडे बघून आपल्यालाच सांगितल्यासारखं म्हणते, "ह्यो जेवता खंय, नुसती पाकिटां खाता नि फुगता." दुकानदार हसत म्हणाला, "खात्यापित्या घरचो दिसता."

ते "खात्यापित्या घरचा" डोक्यातून जाईना. वही गणपतीत फिटणार, घरात डाळ नाही, आणि पोरगा मात्र खात्यापित्या घरचा. हे असं दिसायला कधीपासून लागलं आणि आपल्याला ते कोडं का वाटतं, हे बघायला गेलं तर बरंच मागे जावं लागतं.

जगात हा प्रश्न असा नीट विचारला गेला तो 1995 साली. विल्यम डिट्झ नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने एका सात वर्षांच्या मुलीची केस छापली, मुलगी लठ्ठ, आई एकटी, घर सरकारी मदतीवर चालणारं. मदतीचे पैसे संपले की पुढचे येईपर्यंत आई पोटभरीचं, स्वस्त, तेलकट असं काहीतरी घालून दिवस काढायची. डिट्झने शीर्षकातच प्रश्न टाकला की भुकेमुळे लठ्ठपणा येतो का? तेव्हा लोकांना ते उफराटं वाटलं, कारण भूक म्हणजे बरगड्या हे चित्र डोक्यात पक्कं. योगायोग म्हणजे त्याच वर्षी एप्रिलमधे अमेरिकेने घराघरात अन्नाची विवंचना मोजणारी प्रश्नावली पहिल्यांदा देशभर वापरली. मुलं असलेल्या घरासाठी अठरा प्रश्न. त्यात वजन, उंची, कॅलरी काहीच नाही. आणलेलं संपलं आणि परत आणायला पैसे नव्हते असं झालं का, पैसे संपत आले म्हणून मुलांना दोन-चार स्वस्त पदार्थांवरच भागवावं लागलं का, असे प्रश्न. हा दुसरा वाचला तेव्हा मला ती आजीच दिसली. पुढच्या वर्षी, 1996 ला, रोमच्या जागतिक अन्न परिषदेने व्याख्या केली त्यातही नुसतं पुरेसं अन्न नाही, तर सुरक्षित आणि पौष्टिक अन्न, सगळ्यांना आणि कायम, असं आलं.

आपल्याकडे मात्र भूक मोजायचं माप वेगळंच ठरलं होतं आणि ते ठरवण्यात पुण्याचा मोठा हात. गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मधे भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला, त्यात माणशी रोज 2250 कॅलरी मिळतील एवढा खर्च न झेपणारा तो गरीब. 1979 ला नियोजन आयोगाने गावाला 2400 आणि शहराला 2100 असं केलं. त्या काळात ते बरोबरच होतं म्हणा, 1972 चा दुष्काळ, सुकडी आणि तो लाल माइलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) आठवणारी माणसं अजून आहेत, तेव्हा पोटात काहीतरी जाणं हाच प्रश्न होता. पण कॅलरी कशातून आली हे त्या मापाला कळत नाही. ग्रॅमभर तेलात 9 कॅलरी, ग्रॅमभर साखरेत किंवा पिठात 4, आणि कॅलरीच मोजायच्या तर सगळ्यात स्वस्त भरती तेल, साखर आणि मैद्याची. पाच रुपयाच्या पाकिटात नेमकं हेच तर असतं.

आता कोकणाकडे. आपल्याकडची एक लाडकी समजूत आहे की पूर्वी सगळे नाचणीची भाकरी आणि ताजे मासे खाऊन ठणठणीत होते. अहो, पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात (तेव्हा सिंधुदुर्ग त्यातच, वेगळा झाला 1981 ला) धान्य पुरायचंच नाही. म्हणून तर माणसं मुंबईला गेली, 1911 च्या जनगणनेत मुंबईच्या गिरण्यांतले जवळपास निम्मे कामगार रत्नागिरी जिल्ह्यातले निघाले. मागे राहिलेलं घर मनीऑर्डरवर. ती आली की दुकानाची वही कोरी, उशीर झाला की पेज पातळ. पेजेचं कौतुक आज शहरातली हॉटेलं करतात, पण ती पातळ असायची कारण तांदूळ कमी असायचा. डिट्झच्या त्या मुलीच्या घरातला महिनाअखेरीचा खड्डा आमच्याकडे कधीचा होता, फक्त तो भरायला तेव्हा तेलकट पाकीट नव्हतं. होती पावसाळ्याची बेगमी. सुकट, सुके बांगडे, कुळीथ, आठळ्या (फणसाच्या बिया), आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आणि बाहेर फुकट उगवणारा टाकळा, भारंगी, फोडशी. भूक होती पण त्या भुकेतही कुळथाच्या पिठीतून प्रोटीन जायचं, आणि नाचणीत 100 ग्रॅममागे 300 मिलीग्रॅमच्या वर कॅल्शियम, पॉलिशच्या तांदळात त्याच्या पासंगाला पुरेल एवढंही नाही.

हे मोडलं कसं तर एका फटक्यात नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार, आणि तो असा लांबला की मनीऑर्डरचा कणाच गेला. 1990 पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड योजना आली आणि वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर जिथे नाचणी-वरी व्हायची तिथे काजू-हापूसची कलमं उभी राहिली. पैसा आला हे खरं, ज्याची जमीन त्याला. पण नाचणी घरात पिकायची बंद झाली आणि दुकानातून विकत घेण्याएवढी ती स्वस्त कधीच नव्हती. मग रेशनचं बघा, 1997 ला लक्ष्य निर्धारित वितरण आलं, महाराष्ट्रात पिवळं-केशरी-पांढरं कार्ड आलं, 2013 ला अन्न सुरक्षा कायदा झाला, माणशी महिना 5 किलो धान्य, तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि 2023 पासून फुकटच. याने कितीतरी घरांची चूल पेटती राहिली आणि याला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा जूनमधे एखाद्या मच्छीमार वाडीत येऊन राहावं. पण कायद्याने पक्कं दिलं ते धान्य. डाळ, तेल, दूध, अंडी ज्याची त्याने बघायची.

तेलाची गोष्ट तर अजूनच मजेशीर. 1994 ला पामतेलाची आयात खुली झाली आणि पुढे भारत पामतेलाचा जगातला सगळ्यात मोठा आयातदार झाला. वेफर, कुरकुरीत नळ्या, क्रीमची बिस्किटं, फरसाण, हे सगळं एवढं स्वस्त आणि महिनोन्महिने टिकणारं होण्यात या तेलाचा वाटा मोठा. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली, रस्ते झाले, टेम्पो खाडीपर्यंत पोचले. ताजी भाजी घाटावरून येते ती महाग आणि अर्धी सुकलेली, पाकीट मात्र रत्नागिरीत पाच आणि शेवटच्या वाडीतही पाचच. भाव वाढवायचा नाही, आतलं वजन कमी करायचं, हा धंद्याचा हिशेब पोरांच्या हातातल्या नाण्याला एकदम फिट बसला.

आणि पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, 61 दिवस. माशांसाठी ती हवीच. पण खलाशाच्या घरात ते दोन महिने हातात पैसा नाही, शाळा सुरू झाल्याचा खर्च वर, आणि बेगमी करायची सवय सुटलेली, कारण सुकवायला मासा तर हवा, चांगला मासा गाडीत बसून मुंबईला किंवा गोव्याला जातो.

अजून एक धागा आहे आणि तो पोटातल्या बाळापर्यंत जातो. दुसऱ्या महायुद्धात 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली, लोक उपाशी मेले. पुढे तेव्हा पोटात असलेली मुलं 19 वर्षांची होऊन सैन्यभरतीच्या तपासणीला आली, अशा तीन लाख तरुणांच्या नोंदी बघून 1976 मधे निष्कर्ष आला की आईच्या गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात उपासमार झाली असेल तर मुलात लठ्ठपणा जास्त. आपल्याकडे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांपासून सुरुवात केली. बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं किडकिडीत, हाडं-मांस कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. बाळ रोड आणि तरी चरबीवालं! याज्ञिकांनी 2004 मधे स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटोच छापला, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) 22.3, शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांची 21.2. त्यामुळे आजी पोटुशी असताना काय खात होती, आई काय खात होती, हे नातवाच्या पोटावर दिसू शकतं.

इथे एक सांगायलाच हवं, अमेरिकेतला निष्कर्ष उचलून इथे चिकटवता येत नाही. तिथेसुद्धा अन्नाची विवंचना आणि वजन यांचं नातं बायकांमधे स्पष्ट दिसलं, मुलांबाबत कुठे दिसलं कुठे नाही, कारण आईबाप स्वतः उपाशी राहून लहानग्यांना आधी वाढतात. आणि भारतात जाडी अजूनही सुखवस्तू घरातच जास्त. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयाची 24 टक्के मुलं रोड आणि 5 टक्क्यांच्या आसपास जाड निघाली. पण त्याच सर्वेक्षणात दहातल्या एका मुलाची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर! म्हणजे जाडी दिसत नाही अशांचाही त्यात नंबर असणारच. वेग बघायचा तर लॅन्सेटमधे 2024 ला आलेला अंदाज आहे, भारतात 5 ते 19 वयाची लठ्ठ मुलं 1990 ला 4 लाख होती ती 2022 ला सव्वा कोटी.

मग हे आपल्या यंत्रणेला दिसत का नाही? माझी एक मावशी अंगणवाडी सेविका होती. लटकत्या काट्याला झोळी, झोळीत पोर, आणि तक्त्यावर ठिपका. हिरव्यात आला की सुटलो, खाली गेला की सॅम-मॅमची (तीव्र आणि मध्यम कुपोषितांची) यादी, बीटच्या मॅडमची, म्हणजे वरच्या पर्यवेक्षिकेची, बोलणी. ठिपका वर गेला म्हणून मावशीला कोणी कधी बोललं नाही, उलट कौतुक. अंगणवाडी योजना 2 ऑक्टोबर 1975 ची, ती खाली गेलेल्यांसाठीच होती आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने 5 ते 18 वयाचे नवे तक्ते 2015 ला काढले, त्यात भारतीय अंगकाठी धरून जाडीची रेष प्रौढांच्या 23 बीएमआयशी आणि लठ्ठपणाची 27 शी जुळवली. पण पोर सहा वर्षांचं झालं की अंगणवाडीचा काटा सुटतो, आणि पुढे शाळेत वर्षाकाठी कधीतरी तपासणीची गाडी येते तेवढीच.

शाळेचं म्हणाल तर 1995 च्या 15 ऑगस्टला पोषण आहार सुरू झाला तेव्हा बऱ्याच ठिकाणी धान्यच घरी द्यायचे, सुप्रीम कोर्टाने 28 नोव्हेंबर 2001 ला शिजवूनच द्या सांगितलं. प्राथमिकला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रोटीन, वरच्या वर्गांना 700 आणि 20. मे 2017 मधे महाराष्ट्राने शाळेच्या कँटीनमधे जंक फूड बंद केलं, 2020 मधे केंद्राच्या नियमाने शाळेच्या आवारापासून 50 मीटरपर्यंत बंदी आणली. आमच्याकडच्या जिल्हा परिषद शाळांना कँटीन असतं तरी कुठे! नोव्हेंबर 2023 मधे राज्याने आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी 2025 ला त्याचा वेगळा निधी बंद केला, लोकसहभागातून जमवा म्हणाले.

परवा त्याच वाडीत परत गेलो होतो. शाळेचा लोकसहभाग म्हणजे कोण विचारलं तर तिथल्या बाईंनी बोटाने दुकान दाखवलं. दुकानदार म्हणाला, महिन्याला एक क्रेट देतो मी, अंडी परवडतात, माळा जोरात खपतात ना.