नोकरी संपवणाऱ्या पत्रात ‘कारण’ कसं आलं

भोसरीतल्या एका कारखान्यात अकरा वर्षं मशीनवर काम केलेल्या माणसाने परवा मला त्याचं पत्र दाखवलं. लेटरहेड, शिक्का, सही सगळं जागच्या जागी. मजकूर मात्र एकच ओळ: ‘व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार आपली सेवा आजपासून समाप्त करण्यात येत आहे.’ तो म्हणाला, “साहेब, काय चुकलं ते तरी लिहायचं.”

ते ‘काय चुकलं’ कागदावर यायला या देशात जवळपास शंभर वर्षं लागली. १८५९ च्या कायद्यात आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होती. तो कायदा १९२५ साली रद्द झाला. १९४६ साली स्थायी आदेशांचा कायदा आला आणि शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांना नोकरीच्या अटी लिहून काढाव्या लागल्या. इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत, गेटजवळच्या फलकावर! गैरवर्तनाचा आरोप असेल तर आधी आरोपपत्र, मग खुलासा, मग चौकशी, ही वाट तिथून पक्की झाली.

काम कमी झालं म्हणून माणूस कमी करायचा असेल, तर त्याची तरतूद १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात आली. कलम २५-एफ: कारण नमूद केलेली महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. या माणसाला तेच लावलं तर १६५ दिवसांचा पगार होतो. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या हॉस्पिटल मजदूर सभेच्या खटल्यात सांगितलं की हे पैसे आधी द्यायचे, नाहीतर कपातच अवैध. या कलमाच्या संरक्षणासाठी वर्षात २४० दिवस भरावे लागत. सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देण्याची, म्हणजे २४० दिवस भरण्याआधीच काही दिवस घरी बसवण्याची रीत पिंपरी-चिंचवडमध्ये कुणालाही विचारा, ती त्यातूनच आली, आणि मला ती अजूनही अन्यायाची वाटते.

१९६५ पर्यंत एकट्या कामगाराची बडतर्फी हा औद्योगिक विवादच ठरत नसे. युनियनने किंवा बऱ्याच कामगारांनी मिळून प्रश्न उचलला तरच दाद लागायची. त्या वर्षी औद्योगिक विवाद कायद्यात कलम २-ए आलं आणि एकट्याची बडतर्फीही विवाद ठरू लागली. महाराष्ट्राने १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात आणखी पुढचं पाऊल टाकलं: सूडबुद्धीने, खोट्या पुराव्यावर किंवा अवाजवी घाईने कामावरून काढणं, याला त्याने नाव घेऊन अनुचित ठरवलं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये स्थायी आदेश आणि औद्योगिक विवाद या कायद्यांच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. कपातीसाठी महिन्याची लेखी नोटीस आणि त्यात कारण, हे तिथेही कायम आहे.

भोसरीच्या त्या पत्रावर तारीख एकची आहे. दोन तारखेला त्याला गेटवर अडवलं. पाकिटावर पोस्टाचा शिक्का मात्र सहा तारखेचा. ते पाकीट फेकू नकोस, असं मी त्याला दोनदा बजावलं आहे.